पांढऱ्या झिलईचा ध्यास

उन्हाळ्याच्या दिवसांत माठातील पाणी थंडगार असते. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरते, माठाच्या अंगावर येते आणि त्याची वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. पाझरणे हा माठाचा गुणच होय. परंतु त्याच माठात कुणी कैरीचे लोणचे भरून ठेवले तर? थोड्याच दिवसांत तेल आणि खार बाहेर झिरपू लागेल, मातीला वास लागेल आणि लोणचे नासून जाईल. म्हणून लोणच्यासाठी घरोघरी बरणी असते. बरणीही मातीचीच आणि भट्टीत भाजलेलीच. मग ती का पाझरत नाही? तिच्या अंगावर काचेचा एक पातळ, चकचकीत थर चढलेला असतो. या थरालाच झिलई म्हणतात.

झिलई चढविण्याची कृती ऐकताना सोपी वाटते. वाळूसारखा काच होणारा पदार्थ आणि तो लवकर वितळावा म्हणून एखादा क्षार किंवा शिशाची भस्मे घ्यावयाची. ती पिठासारखी बारीक दळून पाण्यात कालवावयाची. एकदा भाजलेल्या भांड्यावर त्याचा लेप द्यावयाचा आणि भांडे पुन्हा भट्टीत घालावयाचे. लेप वितळतो, भांड्याच्या अंगावर पसरतो आणि निवताना त्याला घट्ट बिलगतो. त्यात तांब्याचे भस्म असेल तर हिरवा रंग येतो, लोखंडाचे असेल तर पिवळा किंवा तपकिरी. कथलाचे भस्म मात्र वितळत नाही. त्याचे सूक्ष्म कण काचेत तसेच राहतात आणि ती काच दुधासारखी पांढरी दिसते. इजिप्त, इराण, चीन या देशांतील कारागिरांना झिलईची कला फार प्राचीन काळापासून अवगत होती. सिंधमधील हाला आणि पंजाबातील मुलतान येथील निळ्या झिलईच्या फरशा प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतही झिलईची सुंदर भांडी तयार होत असत.

परंतु कृती सोपी वाटली, तरी तिच्यातील प्रमाणे कोण सांगणार? कोणता पदार्थ किती घ्यावा, आच किती द्यावी, ती कधी थांबवावी, या गोष्टी जुन्या काळी बाप मुलाला सांगे आणि परक्यापासून लपवून ठेवी. सोळाव्या शतकात फ्रान्स देशातील एका माणसाने, हे सांगणारा कुणीही नसताना, ते सारे स्वतःच शोधून काढण्याचा निश्चय केला. त्यासाठी त्याने आयुष्याची पंधरासोळा वर्षे वेचली. त्याचे नाव बर्नार्ड पॅलिसी.

बर्नार्डचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. ग्रीक आणि लॅटिन या त्या काळच्या विद्वानांच्या भाषा होत. त्यांपैकी एकही त्याला शिकावयास मिळाली नाही. तो काचेवर चित्रे रंगविण्याचा धंदा शिकला. युरोपातील चर्चच्या उंच खिडक्यांत रंगीबेरंगी काचांची चित्रे बसविलेली असतात. ती तयार करण्याचे हे काम होते. त्याशिवाय जमिनीची मोजणी करून नकाशे काढण्याची विद्याही त्याने हस्तगत केली. तरुणपणी तो काम शोधीत फ्रान्सच्या निरनिराळ्या प्रांतांतून आणि शेजारच्या देशांतून हिंडला. वाटेत दिसणारे दगड, माती, झरे, शिंपले यांचे तो बारकाईने निरीक्षण करी. पुस्तके वाचता आली नाहीत, तरी डोळे उघडे ठेवणे त्याच्या हाती होते.

१५३९ च्या सुमारास तो सेंत नावाच्या गावी स्थायिक झाला. तेथे त्याने लग्न केले, मुलेबाळे झाली. काचेच्या कामाला आता पूर्वीसारखी मागणी उरली नव्हती. संसार कसाबसा चालत होता. अशा वेळी एके दिवशी कुणीतरी त्याला मातीचा एक पेला दाखविला. पेला चाकावर घडविलेला होता आणि त्याला अशी सुरेख झिलई दिलेली होती की, बर्नार्डची दृष्टी तिच्यावरच खिळून राहिली. त्याच्या गावचे कुंभार साधी भांडी करीत. असे काम त्याने पूर्वी पाहिले नव्हते. त्याच्या मनात विचार आला, अशी झिलई आपल्याला साधली तर! चित्रकला तर आपल्याला येतेच. मग सुंदर भांडी घडवून संसाराची विवंचनाही मिटेल.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पांढरी झिलई त्या काळी जगाला अज्ञात नव्हती. इटलीतील आणि स्पेनमधील कुंभार ती नित्य वापरीत असत. परंतु ते ज्ञान बर्नार्डच्या गावापर्यंत पोहोचले नव्हते आणि पोहोचले असते, तरी त्याला ते कुणी शिकविले नसते. त्याला स्वतःला तर कुंभारकामाचा गंधही नव्हता. कोणती माती घ्यावी, भट्टी कशी बांधावी, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नव्हते. काळोखात चाचपडत जावे, तसा त्याने प्रारंभ केला.

सर्व झिलयांत पांढरी झिलई ही मूळ होय, असा विचार करून त्याने प्रथम तिचाच पिच्छा पुरविला. बाजारातून त्याने मातीची पुष्कळ मडकी आणली आणि ती फोडून खापऱ्या केल्या. निरनिराळे पदार्थ कुटून, दळून, निरनिराळ्या प्रमाणात मिसळून त्याने एकेका खापरीवर एकेक लेप दिला. कोणत्या खापरीवर काय लावले, याची टिपणे तो ठेवी. आपल्या कल्पनेप्रमाणे त्याने एक भट्टी रचली आणि त्या खापऱ्या तिच्यात घातल्या. परिणाम काय झाला? कधी आच कमी पडली, कधी फार झाली. कधी खापऱ्या कच्च्याच राहिल्या, कधी जळून गेल्या. यातून काही निष्कर्ष निघणेही कठीण होते. दोष लेपाचा की भट्टीचा, हे कसे ओळखावे? अशी काही वर्षे गेली.

मग त्याने आपली भट्टी सोडून दिली आणि तीन-चारशे खापऱ्यांवर लेप देऊन त्या एका कुंभाराच्या भट्टीत भाजण्यासाठी पाठविल्या. कुंभाराने आपल्या मडक्यांबरोबर त्याही भाजल्या. बर्नार्ड आशेने पाहू लागला. एकही खापरी वितळली नव्हती. त्याने पुन्हा पाठविल्या, पुन्हा तेच. साध्या मडक्यांना जेवढी आच पुरते, तेवढीने त्याचा लेप वितळत नव्हता. हे त्याला कळेपर्यंत पुष्कळ पैसा आणि काळ खर्ची पडला होता. घरात खाणारी तोंडे होती. निराश होऊन त्याने हा नाद काही काळ बाजूला ठेवला आणि तो आपल्या जुन्या धंद्याकडे वळला.

याच सुमारास, १५४३ मध्ये, त्याला एक चांगले काम मिळाले. सेंतच्या परिसरात समुद्रकाठी मोठमोठी मिठागरे होती. ज्या भूमीवर १९७० नंतर नवी मुंबई हे शहर वसविण्यात आले, तेथे खाडीच्या काठी पूर्वी मिठागरे पसरलेली असत; उरण-पनवेलकडच्या लोकांच्या कितीतरी पिढ्या त्यांवर राबल्या. बांध घालून भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, उन्हाने ते आटू द्यावयाचे आणि खाली राहिलेले मीठ ओढून त्याचे ढीग रचावयाचे, अशीच तेथली रीत होती. फ्रान्सच्या राजाला मिठावर कर बसवावयाचा होता. त्यासाठी त्या मिठागरांची मोजणी करून नकाशा काढण्याचे काम बर्नार्डकडे आले. त्याने ते उत्तम प्रकारे पार पाडले. हाती बऱ्यापैकी पैसा आला. एखाद्याने त्यातून कर्ज फेडले असते, चार दिवस सुखाचे काढले असते. बर्नार्डच्या डोळ्यांपुढे मात्र तो पेला पुन्हा उभा राहिला!

आता त्याने तीन डझन नवी मडकी फोडली आणि त्या खापऱ्या काच तयार करणाऱ्यांच्या भट्टीत नेल्या. काचेच्या भट्टीची आच कुंभाराच्या भट्टीहून कितीतरी प्रखर असते. दुसऱ्या दिवशी खापऱ्या बाहेर काढल्या, तेव्हा त्यांतील काहींवरचा लेप वितळू लागल्याचे त्याला दिसले. एवढीशी खूण त्याला पुरेशी झाली. पुढची दोन वर्षे तो काचेच्या भट्ट्यांकडे सारखी ये-जा करीत राहिला. परंतु मनासारखी झिलई काही येईना. अखेर त्याने ठरविले, एकदाच शेवटचा प्रयत्न करावयाचा. तीनशेहून अधिक खापऱ्या एका माणसाच्या डोक्यावर देऊन तो भट्टीवर गेला. चार तास झाले आणि त्यांतील एक खापरी वितळलेली दिसली. ती बाहेर काढून निवू दिली, तो काय आश्चर्य! पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चमकदार झिलई! आपण नवा जन्म घेतला, असे त्या क्षणी बर्नार्डला वाटले.

खरी कसोटी येथूनच सुरू झाली. बोटभर खापरीवर झिलई चढविणे वेगळे आणि भट्टीभर भांड्यांवर चढविणे वेगळे. त्याने आपल्या घराजवळ काचकारखान्यासारखी भट्टी बांधावयास घेतली. गवंडी लावण्यास पैसा नव्हता. त्याने स्वतः चुना कालविला, स्वतः पाणी ओढले, विटा पाठीवर वाहून आणल्या. सात-आठ महिने खपून त्याने भांडी घडविली आणि ती एकदा भाजून काढली. मग झिलईचे पदार्थ दळावयाचे; त्यात रात्रंदिवस श्रम करून महिन्याहून अधिक काळ गेला. शेवटी भांड्यांवर लेप देऊन त्याने ती भट्टीत रचली आणि दोन्ही तोंडांनी लाकडे सारावयास प्रारंभ केला.

एक दिवस गेला, एक रात्र गेली. लेप वितळेना. दुसरा दिवस, तिसरा दिवस. बर्नार्ड भट्टीसमोरून हलला नाही. सहा दिवस आणि सहा रात्री तो जाळ पेटता ठेवीत राहिला. तरी झिलई जशीच्या तशी! तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, लेप वितळविणारा पदार्थच मिश्रणात कमी पडला असावा. आता काय करावे? भट्टी विझू दिली तर सर्व लाकूड फुकट. त्याने एकीकडे जाळ चालू ठेवला आणि दुसरीकडे नवे मिश्रण दळावयास घेतले. पहिली भांडी तर वाया गेलीच होती. त्याने बाजारातून नवी मडकी विकत आणून त्यांवर तो लेप दिला आणि ती धगधगत्या भट्टीत सोडली.

आणि मग लाकडे संपली.

आच कमी झाली असती तर सारेच गेले असते. बर्नार्डने बागेत धाव घेतली आणि वेलींच्या मांडवांचे खांब उपटून आणून भट्टीत घातले. तेही जळून गेले. तो घरात शिरला. जेवणाची मेजे त्याने मोडली; मग लाकडी जमिनीच्या फळ्या उखडल्या आणि त्याही आगीच्या स्वाधीन केल्या. लोक सांगू लागले की, बर्नार्ड वेडा झाला, घराची जमीन जाळतो आहे! कुणी म्हणाले, हा खोटी नाणी पाडतो. उष्णतेने आणि श्रमाने त्याचे शरीर शुष्क झाले होते. घामाने भिजलेला सदरा महिनाभर वाळला नव्हता. ज्यांनी धीर द्यावयाचा, तेच त्याला हसत होते.

बर्नार्डची ही गोष्ट सांगणारे पुष्कळ लोक येथे त्याच्या जिद्दीची प्रशंसा करतात आणि ती योग्यच आहे. परंतु त्या मेजावर जेवणारी माणसे आणखीही होती. त्याच्या पत्नीला घर चालवावयाचे होते, मुलांना भरवावयाचे होते. त्या वेळी त्याची दोन बाळे दाईकडे होती आणि त्या दाईंना देण्यास पैसे नव्हते. सावकार दाराशी येत. पत्नीने त्याला बोल लावले, ते सारेच काही अन्यायाचे नव्हते. झिलईच्या शोधाचे मोल एकट्या बर्नार्डने दिले नाही. त्याच्या घराने दिले. स्वतः बर्नार्डने पुढे आपल्या ग्रंथात हे दिवस लिहून ठेवले, तेव्हा आपले कर्ज आणि मुलांचे हाल त्याने लपविले नाहीत.

भट्टी निवली, तेव्हा पदार्थ वितळल्याचे त्याला दिसले. मार्ग बरोबर होता. पण विकण्यासारखे फारसे काही हाती आले नव्हते. वेळ वाचावा म्हणून त्याने एक कुंभार मजुरीवर ठेविला. सहा महिन्यांनी त्याला निरोप देण्याची पाळी आली, तेव्हा मजुरी देण्यास पैसे नव्हते. बर्नार्डने अंगावरचे कपडे काढून त्याला दिले. मग जुनी भट्टी पाडून त्याने तिच्या विटा सोडविल्या. आगीने तिचा गिलावा काचेसारखा कठीण झाला होता. तो फोडताना त्याची बोटे इतकी कापली की, कित्येक दिवस हाताला चिंध्या गुंडाळून त्याला जेवावे लागले.

नवी भट्टी उभी राहिली. या खेपेस सर्व काही जमून आले होते. झिलई उत्तम वितळली होती, रंग सुरेख उतरले होते. परंतु भट्टीच्या गिलाव्यात गारेचे खडे होते. प्रखर आचेने ते तडातडा फुटले, त्यांच्या धारदार कपच्या उडाल्या आणि वितळलेल्या झिलईत रुतून बसल्या. प्रत्येक भांडे पाहावयास सुंदर, पण हात लावावा तर वस्तऱ्यासारखे कापणारे! काही लोक ती भांडी कमी किमतीला घेण्यास तयार होते. घरात धान्य नव्हते, देणेकरी दारात उभे होते. तरीही बर्नार्डने एकही भांडे विकले नाही. सदोष माल आपल्या नावाने लोकांच्या घरी जावा, हे त्याला मान्य नव्हते. त्याने ती सर्व भांडी फोडून टाकली आणि तो जाऊन अंथरुणावर पडला. हे त्याने योग्य केले की नाही, यावर त्याच्या शेजाऱ्यांचे आणि त्याचे मत कधीच जुळले नाही.

काही दिवसांनी तो पुन्हा उठला. पुढच्या खेपेस जाळाबरोबर उडालेली राख झिलईवर चिकटली. तेव्हा त्याने मातीचे डबे केले. भांडे डब्यात ठेवून डबा भट्टीत ठेवला की, आच लागते परंतु राख लागत नाही. ही युक्ती त्याला कायमची उपयोगी पडली. मग रंगांचे भांडण उद्भवले. प्रत्येक रंगाची झिलई वेगवेगळ्या आचेला वितळते. सरड्याचा हिरवा रंग जळून जाई, तरी सापाचा तपकिरी रंग वितळलेलाच नसे. सगळे रंग एकाच वेळी वितळावेत, म्हणून त्याला प्रत्येकाचे प्रमाण पुनःपुन्हा बदलून पाहावे लागले. भट्टीवर छप्पर घालण्यास पैसे नव्हते. वादळी पावसात, रात्री-अपरात्री, एका बाजूला घुबडांचा घूत्कार आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे विव्हळणे ऐकत तो भट्टीपाशी बसून राही. पहाटे तो चिखलाने माखून, झोकांड्या खात घरी परते. तो इतका कृश झाला होता की, चालताना पायांतील मोजे टाचांपर्यंत घसरून येत. अशी सुमारे पंधरासोळा वर्षे लोटली आणि मग कुठे त्याच्या हाताला यश येऊ लागले.

बर्नार्डने घडविलेल्या थाळ्या पाहिल्या म्हणजे त्या कुंभाराच्या की एखाद्या ओढ्याच्या, असा भ्रम पडतो. थाळीच्या मध्यभागी वळसे घेत पडलेला साप. भोवती मासे, बेडूक, सरडे, खेकडे, शिंपले, नेच्याची पाने. खऱ्या प्राण्यांवरून आणि पानांवरून साचे घेऊन तो या आकृती करी. त्यावरची झिलई निळी, हिरवी, तपकिरी आणि अशी ओलसर चकाकणारी की, आताच पाण्यातून वर काढली असावी! ज्या पांढऱ्या झिलईसाठी त्याने घर जाळले, तिच्याहून या रंगीत झिलयांनीच त्याचे नाव पुढे गाजविले. वाटेवर जे शिकला, तेच शेवटी हाती राहिले. त्या काळच्या झिलयांत शिसे असे आणि शिसे विषारी असते. म्हणून आज जेवणाच्या भांड्यांसाठी तशी झिलई वापरीत नाहीत. बर्नार्डच्या या थाळ्या मात्र पाहण्यासाठीच असत. त्यांत जेवावयास कोण बसणार!

मिठाच्या करावरून १५४८ मध्ये त्या प्रांतात बंड झाले. ते मोडण्यासाठी आलेला मोंमोरान्सी नावाचा मोठा सरदार बर्नार्डच्या कलेवर लुब्ध झाला आणि त्याने त्याला आश्रय दिला. हा आश्रय लवकरच कामास आला. त्या काळी फ्रान्समध्ये ख्रिस्ती धर्मातील दोन पंथांत, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात, मोठा कलह पेटला होता. राजा कॅथलिक होता. बर्नार्ड प्रॉटेस्टंट पंथाचा होता आणि ते त्याने कधी लपविले नाही. १५६२ च्या सुमारास त्याला पकडून बोर्दो येथील तुरुंगात टाकण्यात आले. मोंमोरान्सीने मध्यस्थी केली. राजासाठी मातीच्या वस्तू घडविणारा कलावंत असा त्याला किताब मिळाला आणि तो सुटला. पुढे राजमाता कॅथरीन हिने त्याला पॅरिसला नेले. त्युइलरीच्या नव्या राजवाड्याच्या आवारातच त्याचा कारखाना आणि भट्ट्या उभ्या राहिल्या. तेथे राजमातेच्या बागेसाठी झिलईच्या मातीकामाने सजलेली एक कृत्रिम गुहा त्याने घडविली. लोक त्याला त्युइलरीचा बर्नार्ड म्हणू लागले.

आता त्याला पैसा मिळाला, मान मिळाला. परंतु त्याचे कुतूहल शमले नव्हते. १५७५ मध्ये त्याने पॅरिसच्या चौकाचौकांत फलक लावून जाहीर केले की, दगड, माती, झरे आणि धातू यांविषयी आपण व्याख्याने देणार आहोत; येणाऱ्याने एक सोन्याचे नाणे द्यावे; आपले म्हणणे खोटे ठरले, तर चौपट रक्कम परत मिळेल. वैद्य आणि विद्वान ऐकावयास आले. ग्रीक-लॅटिन न जाणणारा कुंभार त्यांच्यापुढे उभा राहिला. डोंगरांत सापडणारे दगडी शिंपले हे एके काळचे जिवंत प्राणी होत, झऱ्यांना पाणी पावसापासूनच मिळते, असे त्याने आपल्या निरीक्षणाच्या आधारे सांगितले. पुष्कळ पंडितांचे मत त्या वेळी वेगळे होते. आज शास्त्राने बर्नार्डचे म्हणणे ग्राह्य धरले आहे. बर्नार्ड लिहितो की, पैसे परत मागावयास कुणीही आले नाही.

१५८० मध्ये त्याने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात दोन पात्रांचा संवाद आहे. एकाचे नाव सिद्धांत, दुसऱ्याचे अनुभव. सिद्धांत हा नुसत्या पुस्तकांवर विसंबणारा. अनुभव त्याला शिकवितो. एका प्रकरणात सिद्धांत झिलईची कृती विचारतो. अनुभव आधी आपली सर्व संकटे सांगतो. मग कथील, शिसे, लोखंड, तांबे, वाळू अशी पदार्थांची नावे देतो. परंतु प्रमाणे? ती मात्र तो सांगत नाही. ज्याला हवी असतील, त्याने स्वतः श्रम करून शोधावीत, असा त्याचा आग्रह आहे. ज्ञान दडविल्याबद्दल वाचक त्याला दोष देऊ शकेल. पण त्या प्रमाणांसाठी बर्नार्डने काय मोजले होते, हेही विसरता येत नाही.

वृद्धापकाळी धर्मकलहाने त्याला पुन्हा गाठले. १५८८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, त्याला पकडून पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात कोंडण्यात आले. पंथ सोडला असता, तर सुटका होती. राजा स्वतः तुरुंगात आला आणि बर्नार्डने त्याला नम्रपणे पण निर्भयपणे नकार दिला, अशी एक कथा सांगतात. इतिहासकार ती खरी मानीत नाहीत. पण बर्नार्डने पंथ सोडला नाही, हे खरे. १५९० च्या सुमारास त्या तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला.

त्याचा कारखाना मोडून गेला, भट्ट्या मातीखाली गाडल्या गेल्या, त्यांवर नवी बांधकामे झाली. पावणेतीनशे वर्षांनी, १८६५ मध्ये, त्युइलरीच्या आवारात खोदकाम चालू असता मजुरांची कुदळ जुन्या विटांवर आदळली. माती बाजूला सारली, तेव्हा बर्नार्डच्या भट्टीचे अवशेष दिसू लागले. पुढे विसाव्या शतकात, लूव्हर संग्रहालयाच्या विस्तारासाठी तेथे पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा आणखी हजारो तुकडे वर आले. त्यांत सापांचे, बेडकांचे, पानांचे, शिंपल्यांचे साचे होते आणि त्यांच्याबरोबर होत्या झिलई दिलेल्या असंख्य खापऱ्या.